माझी पहिली सूचक

आमदारकी गेली त्याचं मला काही वाटत नाही, असं मी लोकांना सांगते. थाप आहे. चांगलं झोंबतं. बावीस वर्षं बोरिवलीच्या कोर्टात काळा कोट घालून उभी राहिले, मग पाच वर्षं विधानसभेत बसले, आणि या सगळ्या काळात मी कोणावर डाफरले नाही असा एक दिवस शोधून सापडायचा नाही. माझी आई मालवणकडची. ती म्हणायची, "बाय गो, तुझ्या तोंडापुढे कोण रवतलो?" दहिसरला चाळीच्या नळावर मी लहानपणी एवढंच शिकले, की आवाज चढवला की बादली भरते. पुढे कोर्टातही तेच चाललं आणि सभागृहातही.

पक्षाने माझं तिकीट कापलं तो दगा आधी सांगून टाकते, कारण तो साधा आहे. कोणी बोलावलं नाही, फोन केला नाही. नवरात्रात स्टेशनबाहेर शुभेच्छांचा फ्लेक्स लागला. आदल्या वर्षीपर्यंत त्यावर मी मधोमध, हात जोडून, दाराएवढी मोठी असायचे. या वर्षी मधोमध एक नवीन गृहस्थ, आणि मी खाली डाव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी, तीही जुन्या चष्म्यातली. राजकारणात बातमी आधी फ्लेक्सवर येते. मी तिथेच उभी राहून पक्षातल्या वरच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, तुमचा योग्य तो सन्मान राखला जाईल." मी म्हटलं, "राखून ठेवा, तुमच्याच कामाला येईल," आणि फोन कापला. संध्याकाळपर्यंत ठरलं होतं, अपक्ष लढायचं.

आता इथे थोडं कायद्याचं सांगावं लागेल, पण लांबवत नाही. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एका सूचकाची सही पुरते. अपक्षाला दहा लागतात, दहाही त्याच मतदारसंघातले मतदार. त्यातली एक जरी सही खोटी ठरली तरी अर्ज बाद. म्हणून शहाणा माणूस एकाच अर्जावर थांबत नाही. चार संच भरता येतात, तो प्रत्येकावर वेगळे दहा सूचक घेऊन चारही भरतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. नगरसेवकाच्या निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या कितीतरी पोरीबाळींना जादा संच भरायला मीच शिकवलंय.

माझे कारकून माझ्यापेक्षा वयाने मोठे, एकोणीस वर्षं माझ्या ऑफिसात. ते म्हणालेच, "ताई, आणखी दहा घेऊया. आजच मिळतील."

"कशाला? हे दहा काय भाड्याने आणलेत?"

"तसं नाही ताई. पण विश्वास पानिपतात गेला, म्हणतात."

"तुमचा गेला असेल. दुसरे दहा घेतले तर या दहा जणांना काय वाटेल?" मी असं म्हटलं आणि विषय संपवला. मला तेव्हा ते फार मोठं बोलल्यासारखं वाटलं होतं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या दहांतली पहिली सूचक माझी मैत्रीण होती. बोरिवलीजवळच्या जुन्या गावठाणातली, ख्रिस्ती, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. पाचवीपासून आम्ही एका बाकावर बसलो. आमच्या चाळीतल्या खोलीत सात माणसं, अभ्यासाला जागा कुठली असणार? मी तिच्या घरी जायचे. कौलारू घर, मागे विहीर आणि लाल माठाचे, मुळ्याचे वाफे. त्या घराच्या ओटीवर बसून मी वकिलीची निम्मी पुस्तकं वाचली. तिची आई, जिला मीही मायच म्हणायचे, काही न विचारता पुढ्यात गरम तळलेले फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे गोल गोल पाव, आणि बोंबलाचं कालवण ठेवायची. माय स्टेशनजवळ टोपली घेऊन भाजी विकायची आणि मी पास झाले की टोपलीतल्या उरलेल्या मुळ्यांची जुडी बक्षीस द्यायची. माझ्या सख्ख्या आईने केलं नसेल तेवढं तिने माझं केलं, आणि हे मी माझ्या आईसमोरही बोलले आहे.

अकरा वर्षांपूर्वी एक बिल्डर कागद घेऊन उभा राहिला. कागदावर लिहिलेलं, की मायने घर आणि वाडी दोन्ही त्याला विकली. खाली मायची सही. माय म्हणाली, "मी नाय केली गो सही." मी दावा लावला, मनाई हुकूम आणला, आणि त्या हुकुमाच्या जिवावर माय तिथे राहत होती. आमदार झाल्यावर बाकीच्या केसेस मी ज्युनिअरकडे दिल्या, पण या एका दाव्याला मी स्वतः उभी राहायचे. विधानसभेतली लक्षवेधी सूचना टाकून पळत आलेय कोर्टात, एकदा नाही, तीनदा.

दाव्याची अडचण एकच होती. मायला साक्षीच्या पिंजऱ्यात तारखा आठवेनात. समोरच्या वकिलाने तिला असं काही गोल गोल फिरवलं, की बिचारी शेवटी लग्नाची तारीखसुद्धा चुकली. मग सगळा भार आला लेकीवर. मायच्या वतीने सगळ्या कागदांवर सही करायचा अधिकार तिच्याकडे होताच. ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि स्वच्छ म्हणाली, "माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर आईची सही आहे. मी ती ओळखते. ही आईची सही नाही." न्यायाधीशांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, झालं काम. तिची उलटतपासणी दिवाळीनंतर होती. तिचा शब्द टिकला की मायचं घर टिकलं, एवढी सोपी गोष्ट होती.

अर्ज भरायच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर. "पहिली सही माझी. बाकीच्यांनी लायनीत या," असं म्हणून तिने पेन ओढून घेतलं. सगळे हसले. कारकुनांनी मोबाइलवर तिचा सही करतानाचा फोटो काढला. ती म्हणाली, "ओ काका, चांगला काढा ना, आमदारीणबाईंची खास माणूस आहे मी." मी तिच्या पाठीत धपाटा घातला. एवढं बरं वाटलं होतं त्या दिवशी.

दोन दिवसांनी छाननी. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या खोलीत टेबलाभोवती उमेदवार, वकील, पोलीस, आणि घरघरणारा एक पंखा. माझा अर्ज निघाला. पक्षाच्या नव्या उमेदवाराचा वकील उठला आणि म्हणाला, "हरकत आहे. सूचक क्रमांक एक यांचं म्हणणं आहे, की सही त्यांची नाही. त्या बाहेर बसल्यात."

मी हसलेच. मोठ्याने. म्हटलं, "बोलवा की!"

आणि ती आली. फिकट निळा ड्रेस, केस घट्ट बांधलेले, चर्चला जाताना बांधते तसे. माझ्याकडे बघितलं नाही. अधिकाऱ्याने अर्ज तिच्यापुढे सरकवला. "ही सही तुमची आहे का?"

"नाही सर. माझी नाही."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की टेबल उलटं करावं. बावीस वर्षांत मी किती खोटे साक्षीदार उघडे पाडले असतील! खोटं बोलणारा माणूस आधी घसा खाकरतो, नाहीतर पाण्याकडे बघतो. या बाईने घसासुद्धा खाकरला नाही. कारकून माझ्या मागे उभे होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, फोटो उघडला, आणि पुढे झाले. मी त्यांचं मनगट धरलं.

"ताई, फोटो आहे," ते कुजबुजले.

"ठाऊक आहे मला. थांबा."

का थांबवलं? कारण तेवढ्या एका क्षणात मला पुढचं सगळं दिसलं. मी फोटो दाखवते. अधिकारी आदेशात लिहितो, की या बाईने स्वतःच्या सहीबद्दल धडधडीत खोटं सांगितलं. तो आदेश दिवाळीनंतर बिल्डरच्या वकिलाच्या हातात. तो उलटतपासणीत एकच प्रश्न विचारणार, "बाई, तुम्हाला स्वतःची सही ओळखता येत नाही, आईची कशी येते?" संपला दावा. मायचं घर गेलं. माझी आमदारकी वाचवायला मला मायच्या घराचा बळी द्यावा लागणार होता.

अधिकारी भला माणूस. म्हणाला, "मॅडम, उद्या अकरापर्यंत वेळ देतो. पुरावा असेल तर घेऊन या."

त्या दुपारी मी गावठाणात गेले. माय ओटीवर पाय पसरून माठाच्या जुड्या बांधत बसलेली, डोक्यावर दारात आगेऱ्याच्या, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेली भाताची कणसं लटकत होती. तिला कशाचाच पत्ता नव्हता. "बाय, किती वाळलीस गो. इलेक्शन खातं काय तुला?" असं म्हणून तिने मला शेजारी बसवलं. थोड्या वेळाने मैत्रीण आली. मला बघून उंबऱ्यातच थांबली. मी तिला हाताला धरून विहिरीकडे नेलं.

"कोणी धमकी दिली? नाव सांग. आत्ताच्या आत्ता पोलीस स्टेशनला जाऊ."

"कोणी नाही दिली."

"मग काय झालं तुला? केसाने गळा कापलास गं माझा! चाळीस वर्षं…"

"फोटो आहे ना तुझ्याकडे?" ती मध्येच म्हणाली. "मग दाखव की. मी कुठे अडवतेय?"

मला ते ऐकून रडू आलं. मला वाटलं, बिचारीला पश्चात्ताप झालाय. कोणीतरी हिला कोंडीत धरलंय आणि ही स्वतःवर शिक्षा ओढवून घ्यायला निघालीय. मी, साक्षीदाराचं मन वाचणारी वकील, तिचा खांदा थोपटून आले. आहे की नाही शहाणपण?

दुसऱ्या दिवशी अकराला मी म्हटलं, "माझ्याकडे पुरावा नाही." अर्ज बाद झाला. कारकून चार दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. ताई म्हणायचे ते मॅडम म्हणायला लागले. बाजारात लोक मला ऐकू जाईल असं बोलायचे, "चार संच भरता येतात हे वकिलीणबाईला माहीत नाही, हिने कायदे केले विधानसभेत!" मी ऐकून घेतलं. तोंडाला आलेलं गिळलं. रोज स्वतःला सांगायचे, जाऊ दे, मायचं घर तर राहिलं. फ्लेक्सवरचा तो गृहस्थ निवडून आला, फटाके वाजले, तेव्हाही मी तेच म्हटलं. खरं सांगते, मला थोडा अभिमानही वाटत होता स्वतःचा.

दिवाळीनंतर तारीख लागली. मी उलटतपासणीची पूर्ण तयारी करून गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात मैत्रीण उभी होती आणि तिच्याबरोबर तोच वकील, छाननीत हरकत घेणारा. त्याने माझ्यापुढे कागद धरला. नवीन वकीलपत्र. मायच्या वतीने, लेकीच्या सहीने. आमच्या धंद्यात अशील वकील बदलतो तेव्हा जुन्या वकिलाने त्यावर 'ना हरकत' लिहून सही करायची असते. खाली दुसरा गठ्ठा होता, तडजोडीचा, आणि त्याला बिल्डरबरोबरचा करार जोडलेला. सवयीने माझी नजर आधी स्टॅम्प पेपरच्या तारखेवर गेली. नवरात्राच्या आधीची होती. म्हणजे माझ्या ऑफिसात हसत हसत पहिली सही केली, त्याच्याही आधी हिने दावा विकला होता.

"का गं?" मी विचारलं. माझा आवाज चढला नाही, हे मलाच नवल वाटलं.

"अकरा वर्षं झाली," ती म्हणाली. "पन्नाशी उलटली माझी. तू वकील झालीस, आमदार झालीस. मी कुठे गेले? मला नाही मरायचं त्या वाडीत माठ उपटत. त्यांनी फ्लॅट कबूल केलाय."

"आणि माझा अर्ज?"

"ती अट बिल्डरने मागाहून घातली. त्यांचा माणूस उभा होता ना." मग जमिनीकडे बघत ती हळूच म्हणाली, "तू दुसरा संच भरणार नाहीस, हे मीच त्यांना सांगितलं. स्वभाव माहितीये ना तुझा."

निवडणूक हातची गेल्याचं एक वेळ सोसलं असतं. पण माझ्यातलं जे मला चांगलं वाटत होतं, तेच तिने दुसऱ्याला नेऊन दिलं होतं, इथे मारा म्हणून. मला काही दिसेनासं झालं. मी पेन काढलं. कारकून म्हणाले, "ताई, थांबा. मायच्या नावावर काय ठेवलंय ते तरी बघा."

"मला नाही बघायचं! मरू देत सगळे तिकडे!" मी 'ना हरकत' लिहिलं, सही केली, आणि कागद तिच्या अंगावर फेकला.

पुकारा झाला. मी निघून जायला हवं होतं, पण पाय निघेना. मी मागे दाराशी उभी राहिले. न्यायाधीशांनी तडजोड वाचली आणि म्हणाले, "म्हातारीला स्वतः विचारल्याशिवाय मी हे मंजूर करणार नाही." मायला रिक्षातून आणलं होतं. धुतलेलं लुगडं, हातात नेहमीची कापडी पिशवी. तिला पुढे खुर्चीवर बसवलं. हात थरथरतो म्हणून आता ती सहीऐवजी अंगठा लावते.

"आजी, हे तुम्हाला मान्य आहे का?"

माय इकडे तिकडे बघायला लागली. "माझी वकीलबाय कुठं हाय?"

"आजी, त्या आता तुमच्या वकील नाहीत."

"अशा कशा नाय?" असं म्हणत ती खुर्चीतून अर्धी वळली. मी तिला दिसले. तिचा चेहरा लगेच सैल पडला. भरल्या कोर्टात तिने मला हाक मारून विचारलं, "बाय, लावू काय गो अंगठा?"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?"

एवढी संधी कोर्ट कोणाला देत नाही. 'साहेब, तिला काय लिहिलंय ते समजावून सांगा,' एवढं म्हणायचं होतं. एक वाक्य. मैत्रीण मान वळवून बघत होती, डोळ्यांत पाणी, महिन्याभरात पहिल्यांदा माझ्या डोळ्याला डोळा देऊन. ते पाणी बघून माझ्या अंगाचा पुन्हा भडका उडाला. हिच्यासाठी मी तोंड दाबून बसले, आणि अजून मीच बोलायचं?

"नाही," मी म्हटलं. "माझी काही हरकत नाही."

मायने मान डोलावली आणि अंगठा पुढे केला. माझा राग दुधासारखा, उतू जातो आणि लगेच बसतो. शिपायाने तिचा अंगठा शाईत बुडवेपर्यंत तो बसलासुद्धा होता. पण तोवर कागदावर निळा ठसा उमटला होता.

बाहेर आल्यावर कारकुनांनी मी न विचारताच सांगितलं. मायच्या नावावर काहीच नव्हतं. घर आणि वाडी नाताळच्या आत रिकामी करायची होती, आणि मायची सोय मुलगी करील, एवढी एक ओळ होती.

मैत्रीण आत कागदांवर सह्या करत होती. माय एकटीच भिंत धरून व्हरांड्यात आली. माझ्याजवळ थांबली, आणि शाईचा अंगठा लांब धरून, मला डाग लागू नये म्हणून, दुसऱ्या हाताने तिने माझा गाल कुरवाळला.

"तू हो म्हणलीस म्हणून लावला गो," ती म्हणाली. "आता वाडीतनं कोण काढणार नाय ना मला?"

मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हटलं, "चल माय, रिक्षा उभी आहे."